पहिली पंगत

लग्नघरात मुलांची पंगत आधी बसवतात. नाव लाडाचं, पण खरी सोय मोठ्यांची. एकदा पोरं जेवून उठली की मग निवांत पानावर बसता येतं. मुलांचीही तक्रार नसते. जिलेबी गरम असते आणि भाजी संपव म्हणून डोळे वटारणारं शेजारी कोणी नसतं.

२१ डिसेंबर २०१२ रोजी ब्रिटनमध्ये अशीच एक पंगत कायमची वेगळी मांडली गेली. शाळा सुटून मुलं घरी यायची, त्या वेळेला बीबीसी वन या मुख्य वाहिनीवर मुलांचे कार्यक्रम लागत. कित्येक पिढ्यांची ही रीत त्या शुक्रवारी संपली. जानेवारीत बीबीसी टूवरची सकाळही गेली. मुलांसाठी सीबीबीसी आणि अगदी लहानांसाठी सीबीबीज अशा दोन डिजिटल वाहिन्या २००२ पासून होत्याच, पण त्या सगळ्या घरांत दिसत नव्हत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये देशातलं शेवटचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि ती अडचण मिटली. बीबीसीला खर्चही कमी करायचा होता. दिवसाला मोजक्या तासांऐवजी मुलांना सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत हक्काची जागा मिळाली. हिशेब चोख होता, आणि त्यात मुलांचं काही गेलं असं मला वाटत नाही.

मला नवल वाटतं ते मोठ्यांचं. त्यांच्यातून फारसं कोणी ओरडलंच नाही.

१९६६ साली ते ओरडले होते. ‘द मॅजिक राउंडअबाउट’ नावाची पाच मिनिटांची बाहुल्यांची मालिका तेव्हा संध्याकाळच्या बातम्यांच्या तोंडावर लागायची. मूळ फ्रेंच. पण एरिक थॉम्पसन या नटानं फ्रेंच संवाद बाजूला ठेवून, नुसती चित्रं बघत आपल्याच मनानं नव्या गोष्टी रचल्या. त्यातला डूगल हा केसाळ कुत्रा सदा कुरकुरणारा, स्वतःला शहाणा समजणारा. कामावरून दमून आलेला माणूस बातम्यांसाठी टीव्ही लावायचा आणि आधी हा कुत्रा त्याच्या वाट्याला यायचा. मुलांना बाहुल्या दिसत, बापाला त्या कुरकुरीत आपल्या ऑफिसातला कोणीतरी दिसत असावा. बीबीसीनं मालिका आधीच्या, मुलांच्या वेळेत सरकवली, तेव्हा रागाची पत्रं आली ती मोठ्यांची. मालिका परत बातम्यांच्या शेजारी आणावी लागली.

मोठ्यांनी काही मुलांचा कार्यक्रम बघायचा असं ठरवलेलं नव्हतं. तो वाटेत होता, एवढंच.

आमच्याकडे मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ लागायचं तेव्हा आजोबा कधी खोलीतून उठून गेले नाहीत. जाणार कुठे? वाहिनी एक, खोली एक. हातातला पेपर खाली न करता ते म्हणायचे, “पाठांतर बरं आहे हो या पोराचं.” म्हणजे पेपराआडून सगळं चाललेलं असायचं. आम्ही काय बघतो हे त्यांना आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. आणि ‘किलबिल’ संपल्यावर आम्हीही तिथंच बसून राहायचो. शेतीचं बघितलं, बातम्या बघितल्या, अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. पण डोक्यावरून जाणारं एक जग आहे, हे तरी तिथं कळलं.

उलटंही घडे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटलं, तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर ही बातमी आधी सांगणाऱ्यांत ‘न्यूजराउंड’ हा मुलांचा वार्तापट होता. त्याची वेळ त्या क्षणी आलेली होती, म्हणून. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आलेल्या कितीतरी आयांना एवढी मोठी बातमी मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत कळली असेल. काही बातम्या तशाच सांगाव्यात, असं मला राहून राहून वाटतं. असो.

तर २०१२ च्या त्या शांततेचा अर्थ मी असा लावतो, की वाहिन्यांनी मुलांना वेगळं करायच्या आधीच मोठे उठून गेले होते. कोणी दुसऱ्या खोलीत, कोणी दुसऱ्या वाहिनीवर. रिकाम्या झालेल्या खोलीतून मुलांना हलवलं, तर ओरडणार कोण?

पुढे तर ती वेगळी पंगतही मोडू लागली. ब्रिटनमधल्याच आयटीव्ही या वाहिनीनं आपली मुलांची वाहिनी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आणि कार्यक्रम ऑनलाइन ठेवले. आता ज्याचा त्याचा डबा, ज्याला भूक लागेल तेव्हा उघडायचा. शेजारच्या पानावर काय वाढलंय ते डोकावून बघायलाही कोणी नाही.

सीबीबीजवर मात्र रोज सातच्या सुमाराला, वाहिनी झोपी जाण्याआधी, कोणी नामवंत एक गोष्ट वाचून दाखवतो. २०१६ च्या शेवटच्या संध्याकाळी तो मान टॉम हार्डी या नटाचा होता, एरवी पडद्यावर मारामाऱ्या करणारा धिप्पाड गडी. मुलांचं माहीत नाही, पण त्यांच्या आयांनी ती गोष्ट डोळ्यांत प्राण आणून ऐकली आणि पुढे कितीतरी दिवस तिचीच चर्चा केली. डूगलसाठी पत्रं आली त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली होती. हार्डीच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, त्याचा कुत्रा बसला होता.