एका मिलिमीटरची तक्रार

गेल्या वर्षी आमच्या टीमसाठी चाळीस नवे लॅपटॉप घ्यायचे होते. तीन नमुने आले आणि टीम लीड म्हणून माझंही मत विचारलं गेलं. मी एकेक लॅपटॉप उचलून पाहिला, मिटून बाजूने पाहिला आणि सगळ्यात पातळ, सगळ्यात हलका होता त्याच्यावर बोट ठेवलं. मी मारुंजीत राहते. रोज पाठीला सॅक लावून स्कूटरवरून हिंजवडी गाठायची, लक्ष्मी चौकातल्या गर्दीत एक पाय टेकवून उभं राहायचं, असं आयुष्य असलं की सॅकमधलं थोडंसं वजन कमी होणंही मोठं वाटतं. फक्त एक गोष्ट मी केली नाही. तिन्हींपैकी एकाही लॅपटॉपवर चार ओळी टाइप करून पाहिल्या नाहीत.

दोन महिन्यांनी टीममधली एक मुलगी माझ्याकडे आली. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे तिचं काम. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास टायपिंग. ती म्हणाली, ‘मॅम, या कीबोर्डवर बोटांची टोकं दुखतात. घरी भांडी घासतानाही जाणवतं. माझा जुना लॅपटॉप परत मिळेल का?’

मी हसून म्हणाले, ‘अगं, एसीत बसून काम करतोय आपण. सुख टोचतंय का?’

तीही हसली आणि जागेवर गेली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

रात्री जेवताना आठवलं, हे वाक्य माझं नव्हतंच. मी ते लहानपणी घरात ऐकलं होतं.

आप्पा भोसरी एमआयडीसीत एका लहानशा प्रेसशॉपमध्ये कामाला होते. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारं मशीन. खाली डाय, वरून जोरात येणारा रॅम, मध्ये पत्रा. हात मध्ये सापडू नये म्हणून अशा मशीनला एकमेकांपासून लांब दोन बटणं बसवतात. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच रॅम खाली येतो. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर. पण आप्पांच्या मशीनची बटणं फार जड होती. एका शिफ्टमध्ये दोन-अडीच हजार वेळा तळव्यांनी ती रेटायची. रात्री मनगटं सुजायची, आई मिठाच्या पाण्याने शेकायची. आप्पांनी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, ‘गावाकडं उन्हात औत हाकत होतास. इथं सावलीत उभा राहून बटण दाबतोस. सुख टोचतंय का?’

आप्पांनीही विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी एका बटणात पाचर मारली, म्हणजे ते कायम दाबलेलं राहिलं. आता एकाच हाताने मशीन चालायचं. टार्गेट लवकर पुरं व्हायला लागलं, त्यामुळे पाचर दिसत असूनही ती कुणी काढायला लावली नाही. चार महिन्यांनी आप्पांच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

त्या दिवशी सगळे धावत आले. मनगट दुखत होतं तेव्हा कुणी आलं नव्हतं.

सरळ हिशोब लावला तर माझ्या टीममधल्या मुलीचं दुखणं आप्पांच्या दुखण्यापुढे काहीच नाही. कुठे पेर जाणं आणि कुठे बोटांची टोकं हुळहुळणं! दोन्ही एका वाक्यात आणायचीसुद्धा मला लाज वाटते. तरीही मी ही गोष्ट आप्पांना सांगितली. वाटलं होतं, ते हसतील. ते म्हणाले, ‘आण बघू तो लॅपटॉप.’

त्यांनी चार-पाच कीज दाबल्या, मग पुन्हा त्याच दाबल्या. आणि म्हणाले, ‘याचा स्ट्रोक फारच कमी आहे गं. बोटाला कळायच्या आत तळ लागतो.’

कीबोर्डवर आयुष्यात कधी एक पत्र न लिहिलेल्या माणसाने दहा सेकंदांत ओळखलं होतं. स्ट्रोक म्हणजे रॅम वरून खाली किती अंतर येतो ते. कीची खोली म्हणजे तेच: वरून दाबल्यावर ती किती खाली जाते. आपण टाइप करतो तेव्हा बोट प्रत्येक कीपाशी थांबून विचार करत नाही. ते निघतं ते जोर घेऊनच. वाटेत की ‘मिळालं’ असा इशारा देते. साध्या कीबोर्डमध्ये कीखाली रबराची छोटी टोपी असते, ती दबताना जो हलका ‘टप’ जाणवतो तो हा इशारा. मग बोट सैल पडतं आणि परत फिरतं. खोली कमी असेल तर इशारा आणि तळ जवळजवळ एकदमच येतात. बोट सैल व्हायच्या आत आपटतं. एकदा आपटलं तर काही नाही, पण दिवसाला वीस-तीस हजार वेळा आपटलं तर बोट बोलायला लागतं.

आयएसओ ९२४१ या मानकाच्या चौथ्या भागात, १९९८ साली, कीची खोली दीड ते सहा मिलिमीटर असावी आणि शक्यतो दोन ते चार असावी असं म्हटलं होतं. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास असते. ॲपलने २०१५ साली बारा इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला, त्याची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर होती. धुळीच्या कणानेही कीज अडकतात, एकदा दाबल्यावर दोनदा उमटतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. २०१८ साली कंपनीने मोफत दुरुस्ती जाहीर केली. २०१९च्या नोव्हेंबरात सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये जुन्या पद्धतीची कात्रीसारखी रचना परत आली, खोली सुमारे एक मिलिमीटर. २०२२ साली अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

लक्षात घ्या, तो दावा बंद पडणाऱ्या कीजबद्दल होता. न बिघडलेल्या कीवर बोट दुखलं तर त्याला बिघाड म्हणत नाहीत. पातळपणा दुकानातल्या काचेआडूनही दिसतो, वजन आकड्यात सांगता येतं. बोटाला काय वाटतं ते सहा तास लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि सहा तास लिहिणारा माणूस खरेदीच्या टेबलावर नसतोच. तिथे माझ्यासारखी माणसं असतात, उंटावरून शेळ्या हाकणारी. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण ज्याला कळतं त्याला विचारायचं असतं, हे आपण विसरतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळा दोष त्या एका मिलिमीटरचा नाही. खुर्चीची उंची, मनगटाचा कोन, मध्ये विश्रांती मिळते का, आठ तासांचे अकरा तास होतात का, हे सगळं बोटात उतरतं. काहींना उथळ कीजच आवडतात, कमी जोरात भरभर लिहिता येतं म्हणून. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना काहीच त्रास नव्हता. म्हणून ‘अमुक इतकी खोली म्हणजे न्याय’ असं मी म्हणत नाही.

माझा प्रश्न ‘पेक्षा बरं’ या दोन शब्दांचा आहे. औत हाकण्यापेक्षा प्रेस बरा. प्रेसपेक्षा लॅपटॉप बरा. माझी आत्या टाइपरायटरवर मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झाली. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, त्या घराण्यातल्याच एका जुन्या मशीनवर ती शिकली. करंगळीने की दाबताना अख्खा हात लावावा लागायचा, असं ती सांगते. तिच्या हिशोबाने आमचा कीबोर्ड म्हणजे लोणीच. या जिन्याला शेवटची पायरी नाही. खाली पाहिलं की कुणीतरी जास्त सोसणारं सापडतंच. मग वरच्या पायरीवरच्या माणसाने दुखतंय म्हणायचंच नाही का?

दुसऱ्याचं मोठं दुःख आठवून मी माझी कुरकूर आवरली, तर तो माझा समजूतदारपणा. पण तेच दुःख मी दुसऱ्याच्या तोंडावर ठेवलं, तर ते तोंड बंद करणं झालं. वाक्य एकच, पण कोण कुणाला म्हणतंय यावर सगळं ठरतं. आणि त्यातून आप्पांना काही मिळालं का? मी त्या मुलीला गप्प केलं म्हणून त्यांचं पेर परत आलं नाही. प्रेसशॉपमधल्या कुठल्याही माणसाचं बटण हलकं झालं नाही. मी त्यांचं दुःख फक्त वापरून घेतलं, माझी चूक झाकायला.

१९४८च्या कारखाने कायद्यात यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचं कलम होतं, कलम २१. बोट जाऊ नये याचा विचार कायद्याने केला. पण बोट वाचवणारं बटण रोज दाबताना मनगट दुखतं का, हे विचारायला माणूस लागतो. तो माणूस हसला की पाचर मारली जाते. ऑफिसातली पाचर दिसत नाही एवढंच. कुणी वेदनेची गोळी घेऊन बसतं, कुणी नोकरी बदलतं, कुणी उत्तरं आखूड लिहायला लागतं.

मी त्या मुलीकडे गेले. ‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘जाऊ द्या मॅम, सवय झाली आता.’ हे ऐकून जास्त वाईट वाटलं. लॅपटॉप बदलून मिळाले नाहीत, करार झाला होता. मागेल त्याला बाहेरून जोडायचा साधा कीबोर्ड द्यायचं मात्र ठरलं. अकरा जणांनी मागितला. त्यातल्या दहा जणांनी आधी तोंडही उघडलं नव्हतं.

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचत असाल. काचेवरच्या कीला तर खोलीच नसते, म्हणून फोन बारीकसा थरथरून सांगतो, ‘मिळालं.’ बोटाला तेवढं तरी उत्तर लागतं.

हा लेख मी मुद्दाम त्याच पातळ लॅपटॉपवर लिहिला. अर्ध्यावर आले तेव्हा उजव्या तर्जनीचं टोक जाणवायला लागलं. आप्पा शेजारी पेपर वाचत होते. मी बोट चोळताना पाहून त्यांनी विचारलं, ‘दुखतंय का गं?’

मी ‘हो’ म्हणाले.