मागे न सरणारा समुद्र

माझी भाची हर्णैची. बर्लिनला शिकते. परीक्षा संपल्यावर चौघी मैत्रिणी महिन्याच्या पासावर साध्या रेल्वेनं वार्नेम्युंडला गेल्या, बाल्टिक समुद्रावर. रात्री फोन आला, "मावशी, इथलं पाणी मागे सरतच नाही गं!"

खरंच आहे ते. बाल्टिक समुद्र बाहेरच्या समुद्राशी फक्त अरुंद सामुद्रधुन्यांनी जोडलेला, म्हणून तिथं भरती-ओहोटी जेमतेम काही सेंटिमीटरांची. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे खारटपणाही आपल्या समुद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे बोटांवर मोजत वाढलेली ही पोर. तिनं गेल्या गेल्या चपला पार वर नेऊन ठेवल्या. "एवढ्या लांब का?" जर्मन मैत्रिणीनं विचारलं. मग हिनं ओल्या वाळूत चंद्राच्या कला काढून तिला तिथी समजावल्या. ऐकताना मला इतकं भरून आलं! दोन वर्षं घर सुटलं, पण पावलांना समुद्राचं वेळापत्रक पाठ आहे.

तिथं किनाऱ्यावर वेताच्या, वरून झाकलेल्या खुर्च्या असतात. १८८२ साली रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान या टोपल्या विणणाऱ्या कारागिरानं संधिवातानं त्रासलेल्या एका बाईंसाठी अशी खुर्ची विणली. वारा लागू नये, पण समुद्र दिसावा म्हणून. किती माया त्या विणकामात! तशाच दोघांच्या खुर्चीत या चौघी दाटीवाटीनं बसल्या आणि डब्यातली गार घावनं वाटून खाल्ली.

चपला संध्याकाळपर्यंत वरच होत्या. आता शेजारी आणखी तीन जोड होते.