सुटीची घंटा

शाळेच्या घंटेवर मी वीस वर्षे मनातल्या मनात चडफडत आलो आहे. कादंबरीतले एखादे पात्र नुकते कुठे बोलू लागावे आणि तेवढ्यात शाळेची वेळ व्हावी, हे माझे जुने दुःख! पोटासाठी खडू आणि मनासाठी लेखणी, अशी वाटणी मी केव्हाच करून टाकली होती. शेवटी गेल्या वर्षी दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली. आता फक्त लेखन!

पहिला आठवडा बरा गेला. मग मी उशिरा उठू लागलो. वर्तमानपत्र दुपारपर्यंत पुरू लागले. दोन महिन्यांत पाने झाली बारा, तीही फाडण्याच्या लायकीची. शिवाय स्वभाव चिडका झाला तो वेगळाच.

त्याच दिवसांत ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाची हकिगत वाचनात आली. १९३०च्या सुमारास तेथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. गावात दारिद्र्य होतेच. पण आणखीही काही घडले होते. पुरुषांची चाल मंदावली होती. दिवसभरात काय केले, हे त्यांना धड सांगता येईना. वाचनालयाची वर्गणी माफ झाली, वेळ तर हवा तेवढा होता, तरी पुस्तके नेणारे कमीच झाले. पगाराबरोबर दिवसाचा कणाही गेला होता.

म्हणून काम हीच पूजा म्हणावे काय? सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल दिसला, हे खरे. पण तो तेथे आपल्या मनाने राबत होता. गटारात उतरावे लागणाऱ्या माणसाला तेच वाक्य ऐकवण्याचा अधिकार मला नाही. मात्र माझ्यापुरता धडा मला मिळाला. शाळेत परतलो आणि घंटेआधीच्या पाऊण तासात पुन्हा लिहू लागलो.

हा शोध परवा मी मोठ्या ऐटीत घरी सांगितला. पत्नी चकल्या तळत होती.

“अहो, आणि त्या गावातल्या बायकांचे काय झाले?” तिने विचारले.

“त्यांचा दिवस मोडला नाही. घरकाम होतेच ना!”

“म्हणजे त्यांची गिरणी बंदच पडली नाही म्हणायची!”

मी गप्प झालो. त्यांतल्या पुष्कळजणींना पुन्हा गिरणीत जावेसे वाटत होते, घरचे काम सांभाळून दुप्पट कष्ट पडत होते तरीही. वाचताना मला त्याचे नवल वाटले होते, आता वाटेना. गिरणीत चार माणसांची सोबत होती, आणि सुटीचा भोंगा होता. कामाला बोलावणारी घंटा माणसाला हवी, हे मला दोन महिन्यांत कळले. काम संपल्याचे सांगणारीही तितकीच हवी, हे मात्र वीस वर्षे रोज ती ऐकूनही कळले नव्हते. आमच्या स्वयंपाकघरात ती कधी वाजलीच नव्हती.

मी झारा मागितला. “जाळाल चकल्या,” म्हणत तिने खोबऱ्याची वाटी आणि किसणी पुढे सरकवली. मी किसायला बसलो.