बाटलीतला पुरावा

मेकॅनिकने टाकीची नळी काढली, खाली पाण्याची रिकामी बाटली धरली आणि भरल्यावर ती उजेडात उचलून मला दाखवली. वर पिवळसर पेट्रोल, खाली जवळजवळ रंगहीन असं काहीतरी. दोन्हींच्या मध्ये पट्टीने रेघ मारावी तशी सीमा. "दादा, पाव बाटली पाणी आहे. कुठं टाकलं होतं?"

जुलै महिना, सातारा, सकाळपासून पाऊस. आदल्या रात्री मी हायवेलगतच्या एका पंपावर तीन लिटर टाकलं होतं. पंपावरच्या मुलाने रीतसर "शून्य बघा" म्हटलं, मी शून्य बघितलं. सकाळी स्कूटर दीड किलोमीटर चालली, मग खोकत खोकत बंद पडली. ढकलत गॅरेजपर्यंत आणली. ऑफिसला उशीर झाला, बूट भिजले, डोकं तापलं. या सगळ्याचं उत्तर समोर बाटलीत होतं.

मी व्हिडिओ काढला. आधी बाटली, मग पंपाचा बोर्ड (तो मुद्दाम परत जाऊन काढला), आणि बोर्डाखाली गाड्यांत पेट्रोल टाकणारा तोच मुलगा. तो दोन सेकंदच दिसतो. खाली लिहिलं, 'इथे पाणी विकतात, सावध राहा.' सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप. संध्याकाळपर्यंत तो मलाच तिसऱ्या कुणाकडून तरी फॉरवर्ड होऊन आला, 'माझ्या मेहुण्यासोबत घडलेला प्रकार' म्हणून.

खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. आपण समाजासाठी काहीतरी केलं असं. रागाला उपयोगी काम मिळालं की तो राग आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

पुढच्या आठवड्यात स्कूटर पुन्हा बंद पडली. मधल्या काळात मी दुसऱ्याच पंपावर जात होतो. यावेळी मेकॅनिकने सीट उचलली. टाकीच्या झाकणाभोवती जो खोलगट भाग असतो, त्यातलं पाणी वाहून जायला एक बारीक नळी असते. ती चिखलाने गच्च बसली होती. झाकणाभोवती तळं साचलेलं. झाकणाला हवेसाठी छिद्र असतं, तिथून पाणी आत जात असावं. मी गाडी लावतो ती जागा पन्हळीच्या बरोबर खाली आहे. "म्हणजे तेव्हाही हेच झालं होतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "असेल पण. नसेल पण. ते पेट्रोल तर आपण फेकून दिलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पेट्रोलच्या तक्रारीची गंमत (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी की पुरावा जळून जातो. दूध फाटलं तर भांडं दाखवता येतं. इथे माल इंजिनात संपलेला, उरलेला टाकीतल्या जुन्या पेट्रोलमध्ये मिसळलेला. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत तोवर नवा टँकर रिकामा झालेला. खात्री करायची ती टाकण्याआधी किंवा टाकताना. नंतर उरतो तो फक्त संशय.

आणि माझा संशयही नीट वाचलेला नव्हता. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की ते पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. म्हणजे बाटलीच्या तळाचा तो पाव भाग सगळा पाणी नव्हता, त्यात बराचसा इथेनॉलच असणार. पाव बाटलीचा थर दिसायला पाव बाटली पाणी लागत नाही. त्याहून बरंच कमी पुरतं. ते पंपाच्या टाकीतून आलं असेल, तसंच माझ्या पन्हळीतूनही आलं असेल. मी डोळ्यांनी एक रेघ पाहिली आणि मनात एक चोर पाहिला.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877 मध्ये एक निबंध लिहिला, विश्वास ठेवण्याच्या नीतीबद्दल. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय हे त्याला माहीत असतं, मनात शंका येतात, पण तो त्या शंका गप्प करतो, जहाज धड आहे अशी स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांसकट ते पाठवतो. जहाज बुडतं. तो दोषी आहे हे आपण लगेच मान्य करतो. क्लिफर्ड पुढे म्हणतो की जहाज बुडालं नसतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता. कारण प्रश्न त्याची समजूत खरी निघाली की खोटी हा नाही, ती बाळगायचा त्याला अधिकार होता का हा आहे.

मी हे पूर्वी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पंपमालकासारखी माणसं आली होती. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरलंय का हे न तपासता विकत राहणारी. आता तोच निबंध माझ्याकडे वळतो. समजा उद्या सिद्ध झालं की त्या पंपाच्या टाकीत खरंच पाणी होतं. तरी मी व्हिडिओ टाकला तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी बरोबर निघालो असतो, पण नशिबाने.

यावर माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप असा की हे फार सोवळं झालं. पूर्ण पुरावा मिळेपर्यंत प्रत्येक जण गप्प बसला तर भेसळ करणाऱ्याचं फावतंच. त्याचा धंदा आपल्या गप्प बसण्यावरच चालतो. आणि या धंद्यात पैसा किती आहे, हे मोजायला आपल्याकडे दोन नावं आहेत. मंजुनाथ षण्मुगम, इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी, भेसळ करणाऱ्या पंपांवर कारवाई करायचा. नोव्हेंबर 2005 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात त्याला गोळ्या घातल्या. आणि आपल्या इथले, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ त्यांना संशय आला, ते थांबले, पाहणी करू लागले, आणि त्यांना जिवंत जाळलं गेलं.

मैत्रिणीचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण ही दोन नावं घेतली की मला माझ्या व्हिडिओची लाज कमी नाही, जास्त वाटते. त्यांनाही संशयच होता. त्यांनी संशयाचं केलं काय, तर तपासायला गेले. मी तपासण्याची पायरी वगळली आणि थेट निकालावर गेलो, तेही घरात बसून, चहा पीत.

वगळली कशी? तपासायची सोय तर होती. कुठल्याही पंपावर गिऱ्हाईक फिल्टर पेपर मागू शकतं, फुकट. नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. माप कमी वाटलं तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागता येतं. त्या दिवशीची घनता विचारता येते. तक्रारवही मागता येते. टाकीत पाणी आहे का ते पाहायला पंपवाले मोजपट्टीला एक लेप लावून आत सोडतात. जिथवर पाणी असेल तिथवर लेपाचा रंग बदलतो. या व्हिडिओआधीच्या दहा वर्षांत मी यातलं एकदाही काही मागितलं नव्हतं. तुम्ही मागितलंय?

आपण मागत नाही कारण भीड पडते. मागे रांग असते, हॉर्न वाजतात, आणि 'जरा फिल्टर पेपर द्या' म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखं वाटतं. म्हणून तोंडावर साधा प्रश्न विचारत नाही, आणि पाठीमागे बेधडक चोर म्हणून मोकळे होतो.

त्यात चोर म्हणून दिसतो कोण? तेल डेपोतून निघतं, टँकरमधून येतं, जमिनीखाली साठतं. कुठल्या टप्प्यावर काय मिसळलं, पावसात कुठलं झाकण सैल राहिलं, यातलं त्या मुलाच्या हातात काय होतं? त्याच्या हातात फक्त नोझल. पण कॅमेऱ्याला टाकी दिसत नाही, मालकही दिसत नाही. तो मुलगा दिसतो.

मी व्हिडिओ काढून टाकला. माझ्या तिन्ही ग्रुपवर लिहिलं की दोष माझ्या गाडीतही असू शकतो, मला खात्री नाही. पहिल्या मेसेजवर साठेक प्रतिक्रिया होत्या. दुसऱ्यावर एक अंगठा, काकांचा, आणि ते सगळ्यालाच अंगठा देतात. मेहुण्याच्या नावाने फिरणारा व्हिडिओ अजूनही कुठेतरी फिरतोच आहे.

मग एका रविवारी मी त्या पंपावर गेलो. त्या मुलाला भेटून काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तो नव्हता. दुसराच मुलगा होता, त्याच्याहूनही लहान वाटणारा. मी विचारलं, "इथे आधी एक जण होता ना, रात्रीच्या पाळीला?"

"त्याला काढलं, साहेब. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता."

"कुठे असतो आता?"

"काय माहीत. गावाकडं गेला म्हणतात."

मागून एका बुलेटवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "फिल्टर पेपर आहे का?" त्यावर पाणी कळत नाही, रॉकेलसारखी भेसळ कळते, हे मला ठाऊक होतं. तरी मागितला. मुलगा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग केबिनमध्ये गेला. ड्रॉवर उघडल्या-बंद केल्याचे आवाज आले. तो पाकीट घेऊन आला, नोझल पुसली, एक थेंब सोडला आणि कागद दोन बोटांत धरून उभा राहिला. मीही उभा राहिलो. मागे आता तीन हॉर्न वाजत होते. थेंब कडेने आक्रसत गेला, फिका झाला, गेला.

मुलाने कागद उलटसुलट करून दाखवला, चुरगळून खिशात टाकला आणि म्हणाला, "शून्य बघा. किती टाकू?"