न हसणाऱ्याचा अधिकार : 'प्लेटाइम' आणि प्रेक्षकाचे उत्तरदायित्व

विनोदी कलाकृतीच्या समीक्षेत एक अडचण आरंभीच उभी राहते. शोकात्म कलाकृतीने प्रेक्षक आतून हेलावला की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरविता येत नाही आणि तसे ठरविण्याचा आग्रहही कोणी धरीत नाही. विनोदाच्या बाबतीत मात्र हसू हाच पुरावा मानला जातो. सभागृह हसले तर कलाकृती सफल, न हसले तर असफल, असा हा सरळ हिशेब आहे. आपल्या रंगभूमीच्या व्यवहारात 'हशाची जागा' हा शब्दप्रयोग रूढ आहे. ती जागा नटाने घ्यायची असते आणि प्रेक्षकाने तेथे हशा द्यायचा असतो. देण्याघेण्याच्या या भाषेत एक अलिखित करार गृहीत धरलेला असतो. तो मोडला तर दोष कोणाचा? न हसणारा प्रेक्षक अरसिक ठरतो काय? आणि ज्याला हसू आले त्याचे न हसणाऱ्याशी नाते कोणते? जाक ताती या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'प्लेटाइम' या चित्रपटाच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

'प्लेटाइम' डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. मस्य युलो या उंच, किंचित पुढे झुकून चालणाऱ्या, अवघडलेल्या गृहस्थाला तातीने १९५३ मध्ये पडद्यावर आणले होते आणि 'मॉन ऑन्कल' (१९५८) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते. प्रेक्षक युलोला भेटण्यासाठीच येत होते. तातीने नेमके तेच नाकारले. पॅरिसच्या पूर्वेकडील उपनगरात त्याने काच, पोलाद आणि काँक्रीट यांचे एक नगरच उभारले. 'तातीव्हिल' या नावाने ते ओळखले गेले. १९६४ ते १९६७ या काळात ७० मिलिमीटरच्या फिल्मवर त्याचे चित्रण झाले. राखाडी-निळसर रंगांत रेखीव मांडलेल्या भव्य चौकटीत समीपदृश्ये जवळजवळ नाहीत. युलो गर्दीतला एक होऊन जातो. इतकेच नव्हे, तर त्याच्यासारखे दिसणारे तोतयेही मधूनमधून वावरतात. कथानक म्हणावे असे फारसे काही नाही: अमेरिकन पर्यटक स्त्रियांचा एक गट पॅरिसला येतो, एक दिवस आणि एक रात्र राहतो आणि जातो. आयफेल टॉवर त्यांना दिसतो तो काचेच्या दारातल्या प्रतिबिंबात.

व्यवसायाच्या दृष्टीने चित्रपट कोसळला. मूळची सुमारे अडीच तासांची लांबी तातीने स्वतःच कमी केली, तरी कर्ज फिटले नाही. स्वतःच्या चित्रपटांवरील हक्कही त्याला गमवावे लागले. पुढे २०१२ आणि २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हाच चित्रपट पहिल्या पन्नासांत आला. या दोन टोकांमधून दोन ठरीव निवाडे निघतात. एक निवाडा म्हणतो, त्या काळचा प्रेक्षक अपात्र होता. दुसरा म्हणतो, चित्रपटच थंड आणि आत्ममग्न आहे, समीक्षकांनी त्याला नंतर मोठेपण दिले. परस्परविरोधी वाटणारे हे निवाडे एका गृहीतावर उभे आहेत: कलाकृती हे कारण, हसू हे कार्य, कार्य घडले नाही, म्हणजे कारणात तरी खोट आहे किंवा ज्यावर कार्य व्हायचे त्या प्रेक्षकात तरी. तपासावयाचे आहे ते हे गृहीत.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार बारकाईने झालेला आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार मानले. स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो' असे उद्गार, रोमांच या साऱ्यांची गणना मानुषी सिद्धीत होते. जेथे शब्द नाही, क्षोभ नाही आणि रंगमंडप भरलेला आहे ती दैवी सिद्धी. म्हणजे प्रेक्षकाचा उघड प्रतिसाद ही यशाची एकमेव खूण नव्हे, हे भरताला मान्य आहे. त्याच अध्यायात तरुण शृंगारात रमतात, वृद्ध धर्माख्यानांत, शूर वीररौद्रात, असे सांगून प्रेक्षकवर्ग एकजिनसी नसल्याचेही तो नोंदवितो. तथापि या विवेचनाचा आधार घेऊन 'प्लेटाइम'समोरील शांततेला घाईने दैवी म्हणणे ही लबाडी ठरेल. तन्मयतेची शांतता आणि कंटाळ्याची शांतता बाहेरून सारख्याच दिसतात. हसू निदान बोलके असते. मौनाचा अर्थ लावावा लागतो.

अभिनवगुप्ताने सांगितलेली सात रसविघ्ने येथे अधिक उपयोगी पडतात. त्यांतली काही विघ्ने प्रेक्षकाच्या बाजूची आहेत. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे त्यांपैकी एक. काही कलाकृतीच्या बाजूची आहेत. अस्फुटता आणि अप्रधानता ही त्यांत मोडतात. प्रधान काय आणि गौण काय हे ठरत नसेल तर चित्त कोठेही विसावत नाही. या कसोटीवर 'प्लेटाइम' सरळसरळ दोषी ठरतो, कारण अप्रधानता हेच त्याचे रचनातत्त्व आहे. एकाच चौकटीत चार ठिकाणी चार गोष्टी घडतात आणि त्यांतील कोणती महत्त्वाची हे कॅमेरा सांगत नाही. म्हणून प्रेक्षागृहात हशा एकदम उसळत नाही. डाव्या कोपऱ्यात काही पाहून एकजण हसतो, त्याचा शेजारी गोंधळून त्याच्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात उजवीकडचे काही पाहून तिसराच हसतो.

ही रचना विनोदाच्या प्रचलित उपपत्तीलाही अडचणीत टाकते. बर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हास्याची तीन लक्षणे सांगितली: ते समूहाचे असते, त्यासाठी हृदय काही काळ बधिर व्हावे लागते, आणि जिवंत माणसात शिरलेल्या यांत्रिक ताठरपणाला ते शासन करते. आता 'रॉयल गार्डन' या उपाहारगृहातील प्रसंग पाहा. काचेचे दार फुटते. द्वारपाल उरलेली मूठ हवेत धरून दार उघडल्याचा आणि मिटल्याचा अभिनय करीत राहतो आणि पाहुणे त्या नसलेल्या दारातून रीतसर आत येतात. यांत्रिकता येथे आहेच. पण हसायचे कोणाला? द्वारपालाला म्हणावे तर तो प्रसंगावधानी आहे. पाहुण्यांना म्हणावे तर काच असतानाही ती डोळ्यांना दिसत नव्हती. आपणही तिच्याबाबत फसलो होतो. भरताच्या परिभाषेत सांगायचे तर परस्थ हास्य पाहता पाहता आत्मस्थ होते. ताठर आहे ती वास्तू. माणसे तिच्यात कशीबशी जिवंत राहिली आहेत. म्हणूनच ते उपाहारगृह रात्रभरात मोडकळीस येते तसतशी अनोळखी माणसे एकत्र बसू, गाऊ, नाचू लागतात. येथे हास्य चाकोरीबाहेरच्या व्यक्तीला शासन करीत नाही. ते चाकोरीलाच सैल करते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. प्रेक्षकाला स्वातंत्र्य दिले असे म्हणताना, तीन वर्षे खपून प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक ध्वनी आखणाऱ्या दिग्दर्शकाची हुकमत आपण विसरतो काय? शिवाय दिवसभर श्रमून आलेल्या माणसाने तिकिटाचे पैसे देऊन पडदा धुंडाळण्याचे श्रमही का करावेत? पुन्हा पाहण्याची सवड ज्याला आहे त्याचेच हे स्वातंत्र्य नव्हे काय? आक्षेपाचा उत्तरार्ध मला मान्य करावा लागतो. अवधान हेही एक धन आहे आणि त्याची वाटणी समान नाही. ज्याच्याजवळ ते उरलेले नाही, त्याच्या न हसण्याला अरसिकता म्हणणे हा अन्याय आहे. पूर्वार्धाबाबत मात्र विवेक करावा लागेल. स्वातंत्र्य म्हणजे आखणीचा अभाव नव्हे. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा जोडण्याची पद्धत रूढ झाली, तीही आखणीच आहे. पण ती कोठे हसायचे ते सांगते आणि न हसणाऱ्याला समूहाबाहेर काढते. 'प्लेटाइम'मध्ये एखादी जागा निसटली तरी प्रेक्षकाला शिक्षा होत नाही. कथा अडत नाही, अर्थ तुटत नाही. चुकण्याची मुभा देणारी आखणी आणि चुकीला दंड करणारी आखणी यांत नैतिक अंतर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. कांटने सौंदर्यविधानाला सर्वांच्या संमतीची मागणी करण्याचा अधिकार दिला, आणि हास्याला मात्र ललित कलेपेक्षा सुखद कलेच्या प्रांतात ठेवले. सुखदाबाबत प्रत्येकाची रुची वेगळी. तेथे वाद नाही. त्यामुळे 'मला हसू आले नाही' हे विधान अखंडनीय वाटते, आणि भावनेचे निवेदन म्हणून ते तसे आहेही. परंतु 'मला आवडले नाही' आणि 'मला दिसले नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यावर कोणाचा अधिकार चालत नाही. दुसरे बोट दाखवून बदलता येते. शेजाऱ्याने 'तो मागचा माणूस पाहा' असे म्हटले की जे नव्हते ते दिसू लागते. मग हसू येईल किंवा येणारही नाही, पण निवाडा आता पाहिलेल्या गोष्टीवरचा असतो. समीक्षेचे मूळ कार्य मला या बोट दाखविण्यात दिसते. संमती मागण्याचा हक्क तिला नाही. दाखविण्याचे कर्तव्य तिच्यावर आहे.

तेव्हा उत्तरदायित्व दोन्ही बाजूंना आहे आणि ते असमान आहे. न हसणाऱ्याचे उत्तरदायित्व एवढेच, की न दिसलेल्याला त्याने न आवडलेले म्हणू नये. हसणाऱ्याचे अधिक आहे, कारण त्याच्याजवळ काहीतरी आहे जे शेजाऱ्याजवळ नाही. त्या अधिकाचे तो काय करतो, यावर त्याची रसिकता पारखली गेली पाहिजे. १९६७ च्या प्रेक्षकाला अपात्र ठरविणारी समीक्षा या कसोटीला उतरत नाही. ती हसते, पण दाखवीत नाही. ताती १९८२ मध्ये वारला, तोवर त्याच्या चित्रपटाला बोट दाखविणारे थोडेफार मिळाले होते. त्याने मोजलेली किंमत त्यामुळे भरून निघाली असे म्हणता येणार नाही, आणि त्या किमतीचा दोष तिकीट काढून आलेल्या, गोंधळलेल्या, निमूटपणे घरी गेलेल्या माणसावर टाकताही येणार नाही.