पाटीवरचं नाव

बर्लिनच्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, बस. पुढचा सगळा भार बेलशेजारच्या आणि टपालपेटीवरच्या आडनावावर. रस्त्याकडची एक इमारत, आतल्या चौकापलीकडे मागची दुसरी, अशी कितीतरी बिऱ्हाडं एका दाराआड राहतात आणि पोस्टमन त्यांना आडनावांवरूनच ओळखतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. बँकेचं कार्ड, विम्याचे कागद, टॅक्स नंबर हे सगळं तिथे अजूनही टपालाने येतं. त्यामुळे पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेल्या मुलाची पहिली गरज असते, पेटीवर नाव लावू देणारं घर.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. आपली मुलंही याला ‘आन्मेल्डुंग’च म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, आणि थोड्या महिन्यांसाठी मिळणाऱ्या खोल्यांच्या जाहिरातींत बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की नोंदणी मिळणार नाही. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर येत नाही, निवास परवान्याचं काम सरकत नाही. आपल्याकडचे सल्लागार ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी खात्यात दाखवायच्या खर्चाचे, वर्षाचे ११,९०४ युरो मुलांकडून तोंडपाठ करून घेतात. महिन्याला ९९२ युरो होतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा बऱ्याचदा भाड्यातच जातो, हे मात्र कोणी बसून समजावत नाही. घराचं काय, तर होईल काहीतरी. कर्ज काढून परदेशी जाणाऱ्या मुलांना असं अंधारात ठेवणं मला अजिबात पटत नाही.

पण कागद झाले की मुलगा रुळला, असं घरचे धरून चालतात, तेही खरं नाही. शहराने आपल्यावर काहीतरी सोपवलं की माणूस रुळायला लागतो, असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीत कुरिअरवाल्याला घरी कोणी भेटलं नाही की तो पार्सल शेजाऱ्याकडे देतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो, की तुमचं सामान अमक्यांकडे ठेवलंय. विद्यार्थी दिवसा घरी सापडतो, म्हणून बेल त्याचीच वाजते. मी बर्लिनला शिकत असताना पहिल्या हिवाळ्यात माझ्या खोलीच्या कोपऱ्यात कधी कुत्र्याच्या खाण्याचं पोतं असायचं, कधी लहान मुलाची सायकल. संध्याकाळी एकेक जण चिठ्ठी घेऊन वर यायचा. चिठ्ठीवर माझं आडनाव, घाईघाईत आणि बहुतेक वेळा चुकीचं लिहिलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी चौथ्या मजल्यापर्यंत चढून आल्या की कठडा धरून दम खायच्या आणि मग माझं आडनाव नीट म्हणता येईपर्यंत मला परत परत विचारायच्या. पुढे त्यांचं पार्सल मीच खाली नेऊन द्यायला लागले. उन्हाळ्यात लेकीकडे जाताना त्यांनी झाडांना पाणी घालायला घराची किल्ली दिली. परवान्याच्या कार्डाने मला तिथे राहायची मुभा दिली होती. किल्ली हातात आल्यावर मला कोणाच्या तरी जिरॅनियमची काळजी लागली. उकाडा वाढला की लायब्ररीतून लवकर निघायचे.

मराठी माणसांचा आधार मोठा असतो. आजारपणात कोणीतरी मुगाची खिचडी घेऊन दाराशी येतं, गणपतीत आरती मोठ्याने म्हणता येते. त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण चार मराठी मुलं एका फ्लॅटमध्ये आणि बाहेरच्या शहराशी संबंध लेक्चर आणि सुपरमार्केटपुरता, अशीही वर्षं निघून जातात. पदवी मिळते, पण त्या शहरात एकाही माणसाचं त्यांच्यावाचून अडलेलं नसतं. अशा मुलांची मला काळजी वाटते, कारण एकटेपणा घरभर मराठी बोललं तरी जात नाही.

सोपवलेलं काम म्हटलं की मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. १९२८ मध्ये त्या बर्लिनला पोहोचल्या आणि तिथल्या दालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. विषय होता मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. फिशर वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे, मानववंशशास्त्रातलं वजनदार नाव. समोर एक परदेशी विद्यार्थिनी, जिची पदवी त्यांच्या मतावर अवलंबून. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापात दिसलं ते लिहिलं: या फरकाचा वंशाशी संबंध नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पाहुणा यजमानाचं मन मोडत नाही. त्या तिथे पाहुण्या म्हणून राहिल्या नव्हत्या, कामाला जबाबदार म्हणून राहिल्या होत्या. इनेस्ट्रासे रस्त्यावरच्या संस्थेच्या त्या इमारतीत आज फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. दालेमला शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने ती मुद्दाम जाऊन बघावी.