कर्ज पुढे चालवणारा वारस

1994 साली क्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरने 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा गेम केला. रूळ टाकायचे, खाणीतला कोळसा वीजकेंद्रात पोचवायचा, मिळालेल्या पैशांतून नवी इंजिनं घ्यायची, गावं वाढताना बघायची. पुढच्या वर्षी त्याची 'डिलक्स' आवृत्ती आली. आम्ही तीच खेळलो.

मग चाहत्यांचे हात लागले. जोसेफ ड्रेक्सलरच्या टीटीडीपॅचने मूळ प्रोग्रामला बाहेरून ठिगळं जोडली. 2004 मध्ये स्वीडनच्या लुडविग स्ट्रिजियसने तो अख्खा प्रोग्राम उलगडला, असेंब्ली भाषेतून सी भाषेत नव्याने उभा केला आणि ओपनटीटीडी या नावाने सर्वांना खुला केला. चित्रं अजून सायमन फॉस्टरची होती, संगीत जॉन ब्रूमहॉलचं. मूळ गेमच्या फाइल्स जवळ असल्याशिवाय तो चालत नसे. चाहत्यांनी एकेक इंजिन, एकेक घर, एकेक झाड नव्याने रेखाटलं, आवाज आणि सूर नवे केले. 2010 च्या 1.0 आवृत्तीपासून जुन्या फाइल्सचीही गरज उरली नाही. 256 चौकटी लांबी-रुंदीचा नकाशा 4096 पर्यंत गेला. आता सायमन फॉस्टरने रंगवलेला एक ठिपकाही नसताना तो पूर्ण खेळता येतो. तरी मी त्याला तोच गेम म्हणतो. कशाच्या बळावर?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये मी काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला हवेतला वाटत नाही. आमचं लोखंड बरंचसं भंगारातून येतं. भट्टीत गेल्यावर ते आधी काय होतं याची खूण राहत नाही. मोल्ड रेतीचा, कास्टिंग काढताना तो फोडावाच लागतो. टिकतो तो पॅटर्न, म्हणजे रेतीत ठसा उठवणारा नमुना, असं वाटेल, पण पॅटर्नही झिजतो. पूर्वी सागवानी असायचे, आता ॲल्युमिनियमचे व्हीएमसी मशीनवर कापतो. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं म्हणून सुमारे एक टक्का मोठे ठेवतो. लोखंड बदललं, मोल्ड बदलला, पॅटर्न बदलला, आणि पार्ट नंबर तोच. ड्रॉइंगवरची सगळी मापं शेवटी एवढंच विचारतात: गिऱ्हाइकाकडे जे इंजिन आधीपासून आहे, त्याच्या भोकांत याचे बोल्ट बसतील का?

भाजताना वस्तूचं काय होतं यावर आपल्याकडे फार जुना वाद आहे. वैशेषिक तत्त्वज्ञ म्हणतात, कच्चं मडकं आव्यात परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवं मडकं घडतं. हे इतकं झटकन होतं की आपल्याला कळत नाही. हा पीलुपाक. नैयायिकांना ते पटत नाही. आव्याच्या भोकातून पाहा, मडकं जागच्या जागी दिसतं, त्याच्यावर रचलेलं ढासळत नाही. मडकं अख्खंच भाजतं आणि तेच राहतं. हा पिठरपाक. ओपनटीटीडीपुढे मला दोघेही अपुरे वाटतात. मडकं नवं असेल तर त्याच्याशी माझी जुनी ओळख कशी? आणि तेच असेल, तर त्यातलं न बदललेलं काय ते दाखवा. दोघांनी मडक्याच्या आत पाहिलं. मडक्यावर कुणाचा हक्क होता, ते कुणाचं देणं लागत होतं, हे त्या वादात येत नाही.

मला वाट सापडली ती तिथे. ओपनटीटीडी 'डिलक्स'मध्ये सेव्ह केलेले डाव उघडतो. जुन्या सीडीवरचा माझा एक डाव मी त्यात उघडला. कोळशाची गाडी वळणावर होती, ती पुढे निघाली. कंपनीवर बँकेचं कर्ज होतं, तेही तसंच आलं आणि नव्या प्रोग्रामने त्यावर व्याज कापून घेतलं. जो जुन्याची देणी स्वतःची मानतो, तो तोच. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते गेमपुरतं म्हणत नाही.

कागलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. घर बदललं, नाव बदललं, पण गादी मोडली असं कुणी म्हटलं नाही. धर्मशास्त्रात दत्तक मुलगा जन्मदात्याचं गोत्र आणि धन सोडतो, दत्तक घेणाऱ्याचं गोत्र आणि धन घेतो, आणि त्याच्या पिंडदानाचा भारही उचलतो. रक्ताने जे होत नाही ते भार उचलल्याने होतं.

उलट उदाहरणही याच गेमचं आहे. ज्या 2004 मध्ये ओपनटीटीडी आला, त्याच वर्षी खुद्द सॉयरचा 'लोकोमोशन' आला. हात तोच, विषय तोच, ट्रान्सपोर्ट टायकूनचा औरस वारस म्हणावा असा. पण तो स्वतंत्र गेम होता; त्यात माझी जुनी कंपनी नव्हती, तिचं कर्जही नव्हतं. तिथे सगळं पहिल्यापासून सुरू. तो गेम वाईट होता असं मी म्हणत नाही. तो दुसरा होता.

कुणी म्हणेल, स्ट्रिजियसने न विचारता प्रोग्राम उलगडला, मग अस्तेयाचं, चोरी न करण्याच्या नियमाचं काय? हा आक्षेप मी हलका धरत नाही. सुरुवातीची वर्षं दुसऱ्याच्या घरात राहून काढलेली होती, हे खरंच आहे. पण शतपथ ब्राह्मण सांगतं की माणूस जन्मतो तोच देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा ऋणी म्हणून. आणि ऋषींचं ऋण फिटतं ते अध्ययनाने. दुसऱ्याचा प्रोग्राम ओळीओळीने वाचून समजून घेणं हे मला अध्ययनच वाटतं. आणि फॉस्टरची चित्रं परस्पर वाटून टाकणं सोपं असताना चाहत्यांनी बिनपगारी बसून ती सगळी स्वतः काढली, यात मला परतफेड दिसते.

ओपनटीटीडीच्या प्रोग्राममध्ये जुने डाव उघडण्यासाठी वेगळा भाग राखलेला आहे. नव्याने गेम घेणाऱ्या मुलांना त्याची गरज नाही. उद्या कुणी अडगळ म्हणून तो काढून टाकला, तर पडद्यावर काहीही बदललेलं दिसणार नाही, इंजिनं तशीच धावतील, आणि माझ्या मते त्या दिवसापासून तो वेगळा गेम असेल.